आज्याचा कान

चर्चमध्ये एकदाही प्रार्थनेला न बसता चर्चविषयी अधिकारवाणीने बोलणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला. वलगावला त्यांचं चार एकर वावर आहे. त्यात शेवंती, झेंडू, निशिगंध आणि बांधाच्या कडेने मेथी नि सांबार, म्हणजे पुण्याकडे जिला कोथिंबीर म्हणतात ती. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कडक, घरातला देव्हारा इतका भरलेला की नवा देव आणायचा तर जुन्याला सरकून बसावं लागेल. पण खांब कसे उभारतात, बाकांच्या दोन रांगांमध्ये वाट किती रुंद ठेवतात, वेदीला पायऱ्या किती, हे मामांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. माझ्या लग्नाच्या पंगतीत आमची ओळख झाली. मी अकोल्याला शाळेत इतिहास शिकवतो हे कळताच त्यांनी वाढायचं थांबवलं आणि विचारलं, "मंग सांगा जवाईबापू, चर्चची खिडकी वरतून टोकदार काहून असते?" मला सांगता आलं नाही. मामांनी माझ्या पानात आणखी एक जिलबी ठेवली आणि समजुतीने म्हणाले, "असू द्या. हळूहळू समजते."

हे सगळं ज्ञान त्यांनी एका चित्रातून मिळवलं होतं. अमरावतीच्या कॅम्पात एक जुनं दगडी चर्च आहे, त्याच्या आतल्या भागाचं ते तैलचित्र. दोन हात रुंद, दीड हात उंच, भोवती काळपट सागवानी चौकट. मामांचे आजोबा त्या चर्चला फुलं पुरवायचे. तिथे मिशनची एक मडम होती. ती कायमची आपल्या देशी निघाली तेव्हा तिने हे चित्र आजोबांना दिलं. "साहेबलोकाइनं मांगतलं त्याइले नाही देल्लं, माह्या आज्याले देल्लं," हे वाक्य मामा दर वेळी तितक्याच अभिमानाने सांगत. चित्रात सकाळ होती. उजवीकडच्या खिडक्यांमधून तिरपं ऊन बाकांवर पडलेलं, बाकं रिकामी, टोकाला वेदी आणि तिच्यावर पितळी फुलदाणीत काहीतरी पांढुरकं. वर्षानुवर्षांच्या धुराने नि धुळीने सगळ्यावर चहाचा रंग चढला होता. आणि डावीकडच्या बाजूच्या दारात एक माणूस उभा होता. बोटभर उंचीचा. धोतर, पागोटं, कमरेवर टोपली, तोंड पलीकडे वळलेलं. चेहरा दिसतच नव्हता. दिसायचा तो एक कान.

"तो माहा आजा होय," मामा म्हणायचे.

त्यांच्या घरात आजोबांचा फोटो नव्हता. त्या काळी माळ्याचा फोटो कोण काढणार? मामांनी आजोबांना पाहिलंही नव्हतं. त्यामुळे आजोबा म्हणजे तो बोटभर माणूस, आणि तो माणूस आजोबाच याला पुरावा म्हणजे कान. मामांच्या घराण्यात कान मोठे आहेत, जरा पुढे झुकलेले, वाऱ्यावर धरलेल्या पानांसारखे. पाहुण्याला शंका आली की मामा चित्राशेजारी उभे राहत, मान वळवत आणि स्वतःचा कान चित्रातल्या कानाच्या रेषेत आणत. "पाहा. आता बोला." पाहुणा काय बोलणार? मामी चहा घेऊन येताना म्हणत, "पाहून घ्या बापा, नाई त ते मान सरळ करत नाईत."

मी मात्र बोलायचो. मी इतिहासाचा मास्तर, मला गप्प बसवत नसे. मी सांगायचो की इमारतीचं चित्र काढताना चित्रकार कुठेतरी एक माणूस उभा करतात, म्हणजे खांब किती उंच आहेत ते बघणाऱ्याला कळतं. तो कोणी खरा माणूस नसतो, मापासाठी असतो. मामा शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "माप दाखवायले कोणी माह्या आज्याचा कान लावते काय?" हा वाद आम्ही तीसेक वर्षं घातला. दिवाळीला, संक्रांतीला, त्यांच्या मुलांच्या लग्नांत. खरं सांगायचं तर मला त्यात मजा यायची, आणि जिंकण्याची हौसही होती.

चित्र पाहण्याचे मामांचे नियम होते. ते टांगलं होतं फुलं निवडायच्या खोलीत, आणि पाहायचं ते सकाळी नऊ ते साडेनऊ, कारण तेव्हा त्या खोलीच्या झरोक्यातून ऊन येतं. "चित्रात सकाळ हाये. तुमी संध्याकाळी पायसान त कसं जमीन?" दिवा लावून पाहायला सक्त मनाई. पाय धुवायचे, उपड्या घातलेल्या क्रेटवर बसायचं आणि पाच मिनिटं काही बोलायचं नाही. एकदा अमरावतीहून कोणी मोठे अधिकारी वावराची पाहणी करायला आले आणि दुपारी तीनला म्हणाले, चित्र दाखवा. मामांनी त्यांना ऊस दिला, ताक दिलं, शेवंतीची जुडी दिली, चित्र नाही दाखवलं. म्हणाले, "आता बंद झालं."

फुलं विकतानाही त्यांचा असाच कारभार. बाजारात बाकीचे लोक भाव सांगतात, मामा आधी चौकशी करत. फूल कुठे जाणार, किती वेळ राहणार, कोण पाहणार. कुण्या कार्यकर्त्याने नेत्यासाठी पाच मोठे हार मागितले तेव्हा त्यांनी विचारलं, "गळ्यात किती वेळ ठेवते तो?" कार्यकर्ता म्हणाला, दोन मिनिटं, फोटोपुरते. "मंग कागदाचे घेऊन जा. त्याले फरक नाई पडत अन् झेंडूले पडते." दर शनिवारी मात्र निशिगंधाची मोठी जुडी कुणी न मागता कॅम्पातल्या चर्चला जायची. आजोबांपासूनची रीत. मामा जात, टोपी काढून काखेत धरत, फुलं स्वतःच्या हाताने वेदीजवळ ठेवत आणि मग चर्चची तपासणी करत. चित्राशी ताडून. फादर बिचारे सौम्य स्वभावाचे. पंखे बसवले तेव्हा मामा वर बघत बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "फादर, चित्रात पंखे नाईत." फादर म्हणाले, "उन्हाळ्यात लोकांना त्रास होतो हो." मामांनी विचार केला आणि परवानगी दिली. "बरं. पण बाकं हलवू नका."

या फादरांमुळेच पुढचं सगळं घडलं. म्हणजे त्यांच्यामुळे सुरुवात झाली. घडलं ते माझ्यामुळे.

मी नोकरीतून निवृत्त झालो आणि निवृत्त माणसाला जे होतं ते मलाही झालं. जुन्या वस्तू वाचवायची ऊर्मी आली. नेमकं त्याच सुमारास चर्चच्या वेदीमागच्या खिडकीची डागडुजी निघाली. काचा फार पूर्वी फुटून तिथे साध्या बसवलेल्या होत्या, मूळ नक्षी कशी होती हे कुणालाच माहीत नव्हतं. फादर मामांना म्हणाले, तुमच्या चित्रात दिसते का? मामा म्हणाले, दिसते, पण काळी दिसते. तेव्हा मी पुढे सरसावलो. अकोल्याला माझा एक मित्र आहे, शाळेत चित्रकला शिकवायचा, आणि तैलचित्रांची सफाई करायचं काम तो रीतसर शिकून आलेला. मी म्हटलं, चित्र त्याच्याकडे देऊ. वरचा मळ गेला की नक्षी स्वच्छ दिसेल.

मामा महिनाभर नाही म्हणत होते. "मळ असंन त असू द्या. म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर असतेच." मी पाठ सोडली नाही. शेवटी चर्चचं काम आहे म्हणून ते तयार झाले. चित्र मामींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं, वर गोधडी बांधली, आणि माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर मामा ते मांडीशी धरून बसले. वलगाव ते अकोला, दोन अडीच तास, त्यांनी पाठ टेकली नाही. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तर खाली उतरले नाहीत, मी चहा खिडकीतून दिला. मित्राच्या घरी पोचल्यावर त्यांनी त्याला चित्रासमोर बसवलं, मान वळवली आणि कान दाखवला. "याले संभाळून," एवढंच सांगितलं.

आठ दिवसांनी मित्राचा मला फोन आला. खिडकीची नक्षी छान उघडली होती, निळ्या आणि तांबड्या काचा दिसायला लागल्या होत्या. "पण एक गोष्ट विचारायची होती," तो म्हणाला. "तो दारातला माणूस मूळ चित्रात नाही. मूळ रंग वाळला, त्यावर वार्निश चढलं, आणि त्या वार्निशवर कुणीतरी नंतर तो रंगवलाय. हातही वेगळा आहे, कच्चा. मळाबरोबर वार्निश काढलं तर तो जाईल. ठेवायचा असेल तर तेवढा भाग मी सोडून देतो. काय करू?"

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मी पुष्कळ वेळा आठवून पाहिलं आहे, आणि प्रत्येक वेळी तेच आठवतं. मला आनंद झाला. तीस वर्षांच्या वादाचा निकाल लागला होता. मामांना विचारावं, निदान एक फोन करावा, हे मला सुचलं नाही असंही नाही. सुचलं. पण विचारलं तर ते नाही म्हणतील हे माहीत होतं. मी मित्राला म्हणालो, "मूळ काय आहे ते दिसू दे. काढून टाक."

तो म्हणाला, "नक्की?"

मी म्हणालो, "नक्की."

दहाएक दिवसांनी चित्र आणायला मी एकटाच गेलो. चित्र खरोखर सुंदर झालं होतं. ऊन इतकं स्वच्छ की हात शेकावा. वेदीवरचं पांढुरकं होतं त्याचे निशिगंधाचे तुरे झाले होते, एकेक कळी मोजावी. दार रिकामं होतं, आणि त्या दारातून बाहेरच्या अंगणाचा एक उजळ तुकडा दिसत होता. मी मित्राचं कौतुक करत होतो. मग त्याने टेबलाच्या खणातून एक कागद काढला. चौकटीच्या मागची लाकडी पाठ किडली होती म्हणून ती बदलताना आत सापडला होता. पिवळा पडलेला, चार घड्यांचा, शाईने लिहिलेला इंग्रजी मजकूर. "आधी पाठ उघडायला हवी होती," तो म्हणाला. "मी समोरून सुरुवात केली."

ते पत्र मडमचं होतं. तिने लिहिलं होतं की हे चित्र तिच्या भावाने काढलं, तो आता नाही. भावाने फुलं काढली पण ती पहाटे पहाटे आणून ठेवणाऱ्या गणपतला काढलं नाही, हे तिला नेहमी खटकत आलं. म्हणून चित्र त्याच्या घरी देण्याआधी तिने स्वतः त्याला दारात उभं केलं आहे. आपल्याला चित्रकला येत नाही, चेहरा दोनदा बिघडला तेव्हा तोंड पलीकडे फिरवलं. कान तेवढा त्याच्यासारखा जमला आहे.

मी ते पत्र उभ्या उभ्याच वाचलं आणि मग खुर्चीवर बसलो. मित्राने पाणी दिलं.

वलगावला मी चित्र घेऊन गेलो ते सकाळी नऊला, नियमाप्रमाणे. पत्र माझ्या खिशात होतं. मामांनी चित्र टांगलं, क्रेटवर बसले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मामी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर तोंडाशी नेला. मामांनी शेवटी विचारलं, "आजा कुठी गेला?"

मी खोटं बोललो. म्हणालो, तेवढा रंग कच्चा होता, सफाईत टिकला नाही, कुणाचा इलाज चालला नाही. मामांनी मान हलवली. उठून चित्राजवळ गेले, वेदीकडे निरखून पाहत म्हणाले, "फुलं मस्त दिसून राह्यली." मग माझ्याकडे वळून, "तुमाले येण्या-जाण्याचा लय तरास झाला, जवाईबापू. जेवून जा." त्या दिवशी मामींनी भरीत-भाकरी केली होती. खिशात पत्र घेऊन मी ती जेवलो.

त्यानंतर मामा बदलले असं कुणाला जाणवलं नसतं. शनिवारची फुलं चर्चला जात होती, खिडकीला नवी काच बसली, फादरांनी मामांना पेढे दिले. पण पाहुण्याला चित्र दाखवणं बंद झालं. नऊ वाजता ते वावरात असत. आणि माझ्याशी वाद घालणं थांबलं. मी मुद्दाम काहीतरी काढायचो, खांबांचं, खिडक्यांचं, तर ते म्हणायचे, "तुमी म्हंता तसंच असंन. तुमी शिकलेले." तीस वर्षांत ते मला असं कधी म्हणाले नव्हते. ज्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा "साहेब" म्हटलं, त्या दिवशी मी ठरवलं की आता सांगायचं.

तरीही तीन महिने गेले. एका सकाळी मी गेलो तेव्हा ते वावराच्या कडेला बसून निशिगंधाच्या जुड्या बांधत होते. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. फोन आला होता ते, मला विचारलं होतं ते, मी काय उत्तर दिलं ते. मग खिशातून पत्र काढून मराठीत वाचून दाखवलं. मामांचे हात थांबले नव्हते. वाचून झालं तेव्हा ते म्हणाले, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. कानाचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"तिनं नाव लिवलं त्याचं?"

"हो. गणपत."

"म्हंजे मी खोटं नव्हतो बोलत."

"नाही मामा."

मामांनी जुडी पुन्हा उचलली. म्हणाले, "माहा बाप बी सांगून सांगून गेला. त्याचंबी कोणी खरं मानलं नाई. भाऊ हासत, पोरं हासत. मलेबी कधी कधी वाटे, आपुनच मनानं लावून घेतलं का काय." मग म्हणाले, "तुमी मले पुसलं असतं, त मी म्हटलं असतं राहू द्या."

"माहीत होतं मला. म्हणूनच विचारलं नाही."

मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पत्र माझ्या हातून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि म्हणाले, "आता असं करा. चित्र चर्चमदी देऊन टाका. माह्यं होतं ते त्यातून गेलं, राह्यलं ते त्याइचं हाये. हा कागद मले ठेवू द्या."

चित्र मी आणि फादर मिळून चर्चच्या आतल्या भिंतीवर लावलं. आता ते तिथेच आहे, येणारे जाणारे फोटो काढतात, रंगांचं कौतुक करतात. फादरांनी मला चित्राखाली माहिती लिहून द्यायला सांगितलं आहे. मी अजून दिलेली नाही. कुठून सुरुवात करावी ते सुचत नाही.

वलगावला त्या खोलीत आता काचेच्या चौकटीत ते पत्र टांगलेलं असतं. मामांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा त्यांनी मला पत्रासमोर नेलं आणि विचारलं, यात आज्याचं नाव कोणतं. मी काचेवर बोट ठेवलं. मामांनी नातीची पाटी आणली, चष्मा लावला आणि ती सहा अक्षरं खडूने उतरवायला लागले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. पहिल्यांदा सगळी वाकडी आली, त्यांनी ओल्या फडक्याने पुसली. दुसऱ्यांदा एक अक्षर उलटं पडलं. मामी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आता शाळेत घाला यायले." मामा हसले. त्या सफाईनंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

चौथ्या वेळी जमलं. जी, यू, एन, पी, यू, टी. मडमने गणपत हे नाव तिच्या कानाला ऐकू आलं तसं लिहिलं होतं. आज कोणी असं लिहीत नाही, दोन अक्षरं बदलायला हवीत. माझ्या अगदी तोंडापर्यंत आलं होतं. मामांनी पाटी माझ्यापुढे धरली.

"बराबर हाये ना, जवाईबापू?"

"बरोबर आहे, मामा," मी म्हणालो.